मीटरला दहा मिली

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानात
अत्तारचाचांनी माझा बायोडाटा उघडला,
चष्मा कपाळावर सरकवला.
"स्नेहांकिता विलास सुतार. डिप्लोमा मेकॅनिकल.
बरं. आणि ही मधली दोन वर्षं कुठं गेली?"

कुठं जातील?
उद्यमनगरात होती, पत्र्याच्या शेडमध्ये.
बँडसॉनं बाबांची दोन बोटं नेली
त्या दिवसापासून पॅटर्न मी करत होते,
पंपाची केसिंगं, ब्रॅकेट,
एकदा उसाच्या चरकाचं चाक, जे दारातून बाहेर निघेना.
पापण्यांवर सागवानाचा भुसा.
याला हजेरीपुस्तक नव्हतं, शिक्का नव्हता.
हे काय लिहायचं?

"हेच लिहायचं," चाचा म्हणाले,
आणि एकेक अक्षर शोधत टाईप करत बसले.
मागं चार पोरं ओळखपत्रं घेऊन ताटकळली.
बारा प्रतींचे पूर्ण पैसे घेतले.

शिरोलीत पाच, गोकुळ शिरगावात चार, कागलला तीन.
एका गेटवर वॉचमननं पाकीट घेतलं
आणि माझ्यादेखत त्यावर चहाचा कप ठेवला.
एकीकडून उत्तर आलं: पुरुष उमेदवारांना प्राधान्य.
बाकीच्यांकडून तेही नाही.
मग एक फोन.
गुरुवारी, साडेदहा.

रात्री आई लाट्या करत बसली
आणि मी भिंतीला सांगत होते,
मायसेल्फ स्नेहांकिता.
इंग्रजीत गेले की माझा आवाज
दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखा चालतो.
"तोंडातल्या तोंडात काय बोलतीस?" आई म्हणाली,
"लाटीला तरी ऐकू जाऊ दे."

बाबा स्टुलावर होते, तीन बोटांच्या हातात
पॅटर्नवाल्यांची पट्टी,
जिचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा
केसभर लांब असतो.
"लोखंड निवताना आकसतंय," म्हणाले, "मीटरला दहा मिली.
माणूस बी आकसतंय, खुर्चीवर बसला की.
तेवढं आधीच धरून जा.
खोटं नको. नुसतं तेवढं धर."

टेबलापलीकडं तिघं.
एक मोबाईलमध्ये, एक बाई माझ्या कागदात,
एक वयस्कर, ज्यांच्या शर्टाच्या बाहीला काजळी होती.
बाईंनी बोट ठेवलं. बरोब्बर तिथंच.
मी मराठीत सांगायला लागले, मग थांबायचं विसरले.
शेड, भुसा, चाक, दार.
"अ‍ॅल्युमिनियमला किती धरता?" बाहीवाल्यांनी विचारलं.
तेरा.
"आणि एका बाजूला भिंत जाड, एका बाजूला पातळ असेल तर?"
इथं मी पाठ केलेलं सगळं संपलं.
"सर, ते मला नक्की माहीत नाही.
बाबांना विचारून करायचे. दोनदा नग भंगारात गेलाय."
मोबाईलवाल्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.
कुणी हसलं नाही.
एसी तेवढा घरघरत होता.

अकरा दिवस.
बाराव्या दिवशी बोटांना फेविकॉल,
फोन खांद्यात धरलेला,
"सोमवारी सातची शिफ्ट.
सेफ्टी शूज मागवायचेत, नंबर सांगा."

स्वतःबद्दल सांगा, याचं उत्तर होतं माझ्याकडं.
पाच वर्षांनी कुठं असाल, याचंही.
बुटाच्या नंबराची तयारी नव्हती.
आयुष्यभर पट्ट्याच्या चपला घेतल्या,
पायात घालून बघायच्या आणि घ्यायच्या.

"एक मिनिट हं, सर. मोजतोय."
बाबा माझ्या पायाशी खाली बसले,
पट्टी टाचेला लावली, आणि स्वतःशीच हसले.
"ही नको गं. त्या खिळ्याला साधी हाय, ती आण.
पाय हाय तेवढाच हाय."